कंसाबाहेरचं वजा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वहीच्या पानांचे फोटो पाहिले. ‘सर, बीजगणित डोक्यावरून जातंय’ असं तू म्हणतोस. मला काही तसं दिसलं नाही. तुझंच गणित घे: २क्ष – (क्ष – ३) = ७. कंस सोडवून तू लिहिलंस २क्ष – क्ष – ३ = ७, आणि उत्तर काढलंस १०. अरे, कंसाबाहेर वजा असला की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. वजा ३ चे अधिक ३ होतात आणि क्ष येतो ४. तुझे १० मूळ समीकरणात घालून बघ: २० वजा ७, म्हणजे १३. हवे होते ७. चूक तिथल्या तिथे सापडली असती. पाच पानांत हीच चूक चारदा आहे, बाकीच्या पायऱ्या चोख.

तेव्हा दहावीचं पुस्तक आठ दिवस मिटून ठेव. सातवी-आठवीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पूर्णांक, अपूर्णांक, कंस, एवढंच कर, रोज अर्धा तास. तेही सकाळी, कामावरून आल्यावर डोळे मिटतात, ठाऊक आहे मला.

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसलास म्हणून पेपर वेगळा नसतो. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण, दोन-दोन तास. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, त्यासाठी नेमून दिलेल्या शाळेत खाडा न करता जाऊन ये. १०० पैकी ३५ ला पास. दोन्ही पेपरांत मिळून प्रत्येकी ७ गुणांच्या कृती असतात: गणित बहुतेक सोडवलेलंच, आपण रिकाम्या चौकटी भरायच्या. रात्रशाळेतली माझी मुलं एवढा छापील मजकूर बघूनच त्या सोडून द्यायची. फार जीव जळायचा माझा.

बीजगणितातल्या अर्थनियोजनाच्या धड्याचं तुला, फरशी बसवणाऱ्याला, सांगायला नको. फरशीच्या बिलावरचे जीएसटीचे १८ टक्के म्हणजे ९ केंद्राचा सीजीएसटी नि ९ राज्याचा एसजीएसटी.

आणि भूमितीला तू घाबरावंस? खोलीचा कोपरा काटकोनात आहे का, हे तू नुसत्या गुण्यावर, त्या काटकोनी पट्टीवर, सोडत नाहीस. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४, तिरकं ५ भरलं की मगच सूत धरतोस. बाजूंवरून काटकोन ठरवायचा, हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास. काटकोन आहे हे आधीच माहीत असेल आणि त्यावरून बाजू काढायची असेल, तर ते प्रमेय. मुलं कारण लिहिताना नेमकी इथेच गल्लत करतात. तू टेप डोळ्यांपुढे आण आणि आधी काय माहीत होतं ते स्वतःला विचार.

त्रिकोणमितीतली ‘सिद्ध करा’ची गणितं सध्या राहू देत. ती आपण दिवाळीनंतर बघू.

पुढच्या रविवारी आणखी पाच पानं पाठव. खाडाखोड असू दे. मागच्या वेळी दोन पानं उतरवून काढलेली होती, कळलं मला.

तुझा,
सर