अध्यापक महाविद्यालयात उद्योजकता: वेगळा पेपर ठेवावा की सराव पाठांतून शिकवावी?

तुम्ही विचारलंय की उद्योजकतेचा वेगळा पेपर ठेवावा की ती इतर विषयांत मिसळावी, आणि अभ्यासक्रमाच्या रचनेनं खरंच फरक पडतो का. पडतो, खूप पडतो. मी शिक्षक-प्रशिक्षणात काम करते आणि माझं ठाम मत आहे की निर्णायक ठरतं ते गुण कशाला ठेवलेत हे.

ज्याला गुण, त्याला छात्राध्यापक (शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी) वेळ देतात. पेपरात व्याख्या आणि व्यवसाय आराखड्याचे मुद्दे विचारले, तर ते पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं: अध्ययन निष्पत्ती (शिकणाऱ्याला शेवटी काय जमायला हवं ते), शिकवण्याची पद्धत आणि मूल्यमापन या तिन्हींचा मेळ हवा. निष्पत्तीत ‘पुढाकार’ लिहायचा आणि परीक्षेत ‘टीपा लिहा’ विचारायचं, हे जुळत नाही.

दुसरं, उद्योजकता म्हणजे फक्त धंदा असं धरलं की ती वाणिज्यवाल्यांच्या गळ्यात पडते. युरोपीय आयोगाच्या २०१६ च्या ‘एंट्रेकॉम्प’ या उद्योजकता-क्षमतांच्या आराखड्यात १५ क्षमता आहेत, तीन गटांत: कल्पना व संधी, साधनं, प्रत्यक्ष कृती. इतरांसाठी निर्माण केलेलं मूल्य आर्थिकच असलं पाहिजे असं तो म्हणत नाही, सामाजिक आणि सांस्कृतिक मूल्यही त्यात धरलंय. म्हणजे भाषेच्या, इतिहासाच्या शिक्षकालाही यात जागा आहे.

विज्ञानाचा सराव पाठ, म्हणजे छात्राध्यापकानं शाळेत सरावासाठी घेतलेला पाठ, घ्या. शाळेतला एक नळ गळतोय. मुलं त्याखाली मोजपात्र ठेवतात, दहा मिनिटांत किती पाणी साचलं ते पाहतात, त्यावरून दिवसाचा हिशोब काढतात. मग खरा प्रश्न येतो: दुरुस्ती कोण करणार, साहित्य कुठून आणायचं, मुख्याध्यापकांपुढे काय मांडायचं? पहिली कल्पना फसली तर मुलं ती बदलतात. छात्राध्यापकानं इथं उत्तर न सांगता थांबायचं असतं, आणि हे थांबणं नवख्यांना फार जड जातं. ते सरावानंच जमतं, व्याख्यानानं नाही.

अशा पाठाला एक तास पुरत नाही, तीन-चार तासांची सलग मालिका लागते. सराव पाठांचं वेळापत्रक सुट्या तासांचं असेल, तर कागदावरचा अभ्यासक्रम कितीही चांगला असो, वर्गात तो उतरणार नाही.

म्हणून माझं उत्तर: सुरुवातीला संकल्पनांपुरता छोटा घटक वेगळा ठेवा, बाकी सगळं अध्यापन पद्धतीत आणि सराव पाठांत घाला. फक्त ‘सगळीकडे मिसळलंय’ म्हटलं की ते कुणाचीच जबाबदारी राहत नाही, हा धोका खरा आहे. त्यासाठी पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: मुलांनी कोणता निर्णय स्वतः घेतला, आणि पहिल्या प्रयत्नानंतर काय बदललं. या दोन्हींना गुण ठेवा. निरीक्षक प्राध्यापकांनाही आधी एकदा असा पाठ स्वतः घ्यायला लावा, नाहीतर त्या रकान्यांत सरसकट ‘चांगले’ एवढंच लिहून येईल.