टाइमशेअर रीसेलमध्ये इतका स्वस्त का मिळतो आणि त्यात खोड काय असते?

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहण्याचा विकत घेतलेला हक्क, कधी ठरलेल्या आठवड्याच्या रूपात, तर कधी बुकिंगसाठी वापरायच्या पॉइंट्सच्या रूपात. तोच जुन्या मालकाकडून घेतला की रीसेल. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिसॉर्टवर विक्रीच्या सादरीकरणाला बसलात, तिथे डेव्हलपरने, म्हणजे टाइमशेअर थेट विकणाऱ्या कंपनीने, सांगितलेला भाव आणि त्याच रिसॉर्टचे पॉइंट्स जुने मालक ज्या भावात विकताहेत तो भाव, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग स्वस्तात नेमकी खोड काय? शिवाय 'आज सही केलीत तरच बोनस पॉइंट्स' असं म्हणून विक्रेता मागे लागला आहे.

आधी त्या 'आजच'चं बघू. आज सही करू नका. जी ऑफर चार दिवस विचार करायला वेळ देत नाही, ती तुमच्या सोयीसाठी बनवलेली नाही. आणि हे वाचेपर्यंत सही झालीच असेल तर बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी करारातलं रद्द करण्याबद्दलचं कलम काढा. बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच माघार घेण्याची मुदत दिलेली असते. फ्लोरिडात ती 10 दिवस आहे, कॅलिफोर्नियात 7, नेवाडात 5. युरोपीय संघात 14 दिवस मिळतात आणि त्या काळात विक्रेत्याला आगाऊ पैसे घेण्याचीही मनाई आहे. रद्द करण्याचं पत्र लेखीच द्यायचं, करारात सांगितलेल्या पत्त्यावर आणि सांगितलेल्या पद्धतीने, आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवायचा. फोनवरच्या 'बघतो, करतो'वर विसंबून मुदत जाऊ देऊ नका. खाजगी मालकाकडून घेताना ही माघारीची सोय सहसा नसते, म्हणून तिथे चौकशी सहीच्या आधीच संपवावी लागते.

आता खोडीबद्दल. खोलीत काही खोड नसते. तीच खोली, तोच पोहण्याचा तलाव, तीच चादर. डेव्हलपरच्या भावात विक्रीचा खर्च मोठा असतो: सादरीकरणाला बसणाऱ्यांना दिलेला स्वस्त मुक्काम, भेटवस्तू, विक्रेत्यांचं कमिशन. सही झाली की हा पैसा गेला, पुढचा खरीदार तो तुम्हाला परत देत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विकणारे बहुतेक लोक नफ्यासाठी विकत नसतात, त्यांना वार्षिक मेंटेनन्समधून, म्हणजे रिसॉर्टच्या देखभालीसाठी दरवर्षी भराव्या लागणाऱ्या पैशातून, सुटायचं असतं. मुलं मोठी झालेली असतात, प्रवास झेपत नाही, किंवा मेंटेनन्स दरवर्षी वाढत गेलेला असतो. काहीजण तर अक्षरशः फुकट द्यायला तयार असतात.

इथेच लोक फसतात. फुकट मिळालेला टाइमशेअर फुकट नसतो. मेंटेनन्स रीसेलवाल्यालाही तेवढाच भरावा लागतो, जेवढा थेट घेणाऱ्याला. तुम्ही गेलात तरी भरायचा, नाही गेलात तरी भरायचा. वादळाने छत उडालं किंवा मोठी दुरुस्ती निघाली, तर त्याची जादा वर्गणी वेगळी. म्हणून खरेदीचा भाव बाजूला ठेवून एक साधा हिशेब करा: वार्षिक मेंटेनन्सला त्यातून मिळणाऱ्या रात्रींनी भागा आणि त्याच रिसॉर्टची तशीच खोली, त्याच हंगामात, बाहेरून भाड्याने कितीला मिळते ते पाहा. दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले तर रीसेलसुद्धा घेऊ नका. मी स्वतः रीसेलमधूनच घेतलं आहे आणि समाधानी आहे, पण ते हा हिशेब जमला म्हणून.

खरी खोड असते ती हक्कांमध्ये. रीसेलमध्ये मूळ मालकाचे सगळे हक्क तुमच्याकडे येतीलच असं नाही, आणि हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. डिस्नेच्या टाइमशेअरचं, म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लबचं, उदाहरण घ्या. 19 जानेवारी 2019 पासून जुन्या 14 रिसॉर्टांपैकी एखाद्याचे पॉइंट्स रीसेलमध्ये घेतले तर ते त्या 14 ठिकाणीच चालतात, रिव्हिएरा आणि त्यानंतर आलेल्या रिसॉर्टांत नाही. आणि रिव्हिएराचेच रीसेलमध्ये घेतले तर फक्त रिव्हिएरात. विंडहॅम या दुसऱ्या टाइमशेअर कंपनीत रीसेलचे पॉइंट्स व्हीआयपी दर्जासाठी, म्हणजे मोठ्या मालकांना मिळणाऱ्या जादा सवलतींसाठी, धरले जात नाहीत. ठरलेल्या रिसॉर्टमधला ठरलेला आठवडा असेल तर मात्र हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे विकला जातो तो आठवडाच, आणि रीसेल मला जवळजवळ नेहमीच योग्य वाटतो.

त्यामुळे विक्रेता जे फायदे मोजून दाखवतो, त्यांतले तुम्ही दरवर्षी खरोखर वापराल असे कोणते, ते कागदावर लिहा. क्रूझसाठी पॉइंट्स बदलणं, हॉटेलचे पॉइंट्स करून घेणं वगैरे ऐकायला छान वाटतं, पण तो बदल बहुतेकदा तोट्याचाच असतो. असा एखादा फायदा तुमच्यासाठी खरंच मोलाचा असेल आणि तो रीसेलमध्ये मिळत नसेल, तरच थेट घेण्याचा विचार करा. तेही डेव्हलपरचं कर्ज न घेता, कारण त्यावरचं व्याज फार चढं असतं.

रीसेलचं ठरलं, तर रिसॉर्टकडून एस्टॉपेल सर्टिफिकेट, म्हणजे त्या टाइमशेअरच्या खात्याची स्थिती सांगणारा दाखला, मागवा. मेंटेनन्सची थकबाकी आहे का, या वर्षीचे पॉइंट्स शिल्लक आहेत की आधीच वापरले, हे त्यातून कळतं. करार कायमचा आहे की ठराविक वर्षांचा, हेही पाहा. डिस्नेच्या ओल्ड की वेस्ट या रिसॉर्टचे बरेच करार 2042 मध्ये संपतात, म्हणजे तुम्हाला फक्त उरलेली वर्षं मिळणार. पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात टाकू नका, एस्क्रोमध्ये ठेवा, म्हणजे हस्तांतरण होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या पक्षाकडे. काही कंपन्यांना त्याच भावात तो टाइमशेअर स्वतः घेण्याचा पहिला हक्क असतो. त्यांनी तो वापरला तर तुमचा सौदा मोडतो आणि पैसे परत येतात, त्यामुळे हस्तांतरण पूर्ण व्हायच्या आधी विमानाची तिकिटं काढू नका.

आणि अजून मन होत नसेल, तर या वर्षी एखाद्या मालकाकडून त्याचे पॉइंट्स भाड्याने घेऊन तिथेच राहून या. मनासारख्या तारखा मिळवायला किती महिने आधी बुकिंग करावं लागतं, हेही त्याच्याकडूनच विचारून घ्या. सादरीकरणात ते कोणी सांगत नाही.