इलेक्शनच्या प्रचारात मुलींना कसं वागवतात आणि रोजच्या टोमण्यांचं काय करायचं?

तुझा प्रश्न असा की एमए झालंय, विधानसभेच्या एका इच्छुकाच्या टीममधून कामाची ऑफर आलीय, घरचे म्हणतायत राजकारणात पोरीबाळींचं काय काम, तर तिथं खरंच एवढं वाईट असतं का.

मी तीन इलेक्शनं केलीत. पहिली 2016 ची नगरपालिका, नोटबंदी नुकतीच झालेली आणि सगळे कार्यकर्ते बँकेच्या लाइनीत, शेवटची 2024 ची विधानसभा. पक्ष सांगत नाही, दोन वेगवेगळे होते आणि या बाबतीत दोघंही सारखेच.

घरच्यांना ज्याची भीती असते तसलं माझ्या वाट्याला फार आलं नाही. रोजचं जे असतं ना, ते इतकं बारीक असतं की तक्रार करायला गेलं तर आपणच येडे ठरतो. बाई टीममध्ये आली की तिला आपोआप औक्षण, रांगोळी, हळदीकुंकू, फार तर सूत्रसंचालन, आणि पोरं बसणार बूथच्या याद्या घेऊन. 2016 ला आमच्या पॅनेलमध्ये एक जागा महिला राखीव होती, आपल्याकडे पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण बैठकीला यायचे त्या जागेवरच्या उमेदवार बाईंचे मिस्टर. मी पत्रकाचं प्रूफ घेऊन आत गेले तर त्या पीठ मळत होत्या, म्हणाल्या, यांना दाखवा, मला काय कळतंय त्यातलं. आणि खरं सांगू, मी पण मुकाट्याने बाहेर जाऊन यांनाच दाखवलं. आजही आठवलं की कसंतरी होतं.

आता चहाचा किस्सा. मी दहा दिवस बसून यादीची शीट केली होती, कोण मयत, कोण पुण्याला शिकायला, कुठल्या लेकी लग्न होऊन गेल्या तरी नाव इथंच आहे. उमेदवाराच्या हॉलमध्ये चौदा-पंधरा जण, मी एकटी बाई, लॅपटॉप उघडला आणि एक भाऊ म्हणाले, ताई, तेवढं चहाचं बघा की. मी गेले! परत येऊन बघते तर लॅपटॉप पलीकडे फिरवलेला आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान पोरगा माझीच शीट समजावून सांगतोय, ती पण चुकीची, बाहेरगावी गेलेली मतं त्याने पक्की म्हणून धरलेली. कोणीच काही बोललं नाही, मी पण नाही. घरी येऊन रडले वगैरे.

त्यानंतर एवढंच केलं की यादी हातातून सोडली नाही. शीटला पासवर्ड, प्रिंट माझ्याकडे, विचारायचं तर मला विचारा. चहा म्हटलं की शेजारच्या पोराला सगळ्यांसमोर सांगायचं, जा रे, पंधरा सांगून ये. चिडून नाही, अगदी सहज. भांडलीस तर "मॅडमना फार राग येतो बाबा" हे दुसऱ्या दिवशी अख्ख्या तालुक्याला माहीत असतं. मॅडमवरून आठवलं, ताई म्हणाले की तू घरची पण लहान, मॅडम म्हणाले की शहाणी पण बाहेरची, आणि नवऱ्याला ओळखत असले की थेट वहिनी, मग तर विषयच संपला. मी गावात ताई चालवून घेते, बैठकीत मॅडम.

दुसरी गोष्ट रात्रीची. दहाला स्पीकर बंद होतात आणि खरी बैठक त्यानंतर कुठल्यातरी ढाब्यावर नाहीतर फार्महाऊसवर बसते, तिथं तुला कोणी बोलवणार नाही आणि गेलीस तर वेगळीच चर्चा. सकाळी गेलं की सगळं ठरलेलं. यावर मला नीट उपाय सापडला नाही. त्यातल्या त्यात साहेबांच्या ड्रायव्हरशी बरे संबंध ठेव, त्याला सगळं माहीत असतं.

2024 ला वाटलं होतं चित्र बदलेल. लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाल्यावर जो तो बायकांच्या मतांवर बोलायला लागला, पण बोलणारे तेच. 288 पैकी 21 बायका निवडून आल्या, 2019 ला 24 होत्या.

आता कामाचं. ऑफर नेमकी कोणाकडून आहे ते आधी बघ, हे कोणी सांगत नाही. पगार एजन्सी देणार असेल आणि तिथं दहा किंवा जास्त लोक असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असलीच पाहिजे, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत. पण पक्षाची कार्यकर्ती म्हणून गेलीस तर यातलं काही धरून चालू नकोस. पक्षांनाही हा कायदा लावा म्हणून सुप्रीम कोर्टात मागणी गेली होती, सप्टेंबर 2025 मध्ये ती फेटाळली, पक्षात जाणं म्हणजे नोकरी नव्हे म्हणे. म्हणून अपॉइंटमेंट लेटर घे, आणि रात्री घरी सोडायला गाडी कोणाची ते पण आधीच ठरवून घे.

आणि बाथरूम. दिवसभर पदयात्रेत पुरुष कुठंही उभे राहतात, आपण पाणी पिणंच बंद करतो. मला पहिल्याच इलेक्शनला इन्फेक्शन झालं. मग ज्या हळदीकुंकवाला मी नाकं मुरडायचे तिथल्याच बायकांच्या घरी जायला लागले, आणि तिथं दहा मिनिटं टेकलं की काय काय कळायचं! बैठकीत एका गल्लीचं म्हणायचे, घरटी सहा मतं, मालकाशी बोललं की झालं. मला स्वयंपाकघरात कळलेलं की नळाला चार दिवसांआड पाणी येतं म्हणून सुना सगळ्या चिडलेल्या आहेत. मी बैठकीत बोलले, तर सगळे हसले. बूथवार आकडे आले तेव्हा तिथं आम्ही मागे होतो. पलीकडच्या आळीचा माझा अंदाजही साफ चुकला होता म्हणा, आणि तो मात्र सगळ्यांच्या अजून लक्षात आहे.