मृत्युदर : कितींमागे?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "२०२०ची जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालण्याआधी चाळत होतो. मे महिन्याच्या अखेरच्या दोन बातम्या बेल्जियममधल्या कोरोनाबद्दलच्या. एकीत 'मृत्युदर १६ टक्के', दुसरीत 'मृत्युदर लाखाला ८२'. यातलं खरं कुठलं? आणि मृत्युदर लिहायचं की मृत्यूदर?"

आकड्यांचं आधी उरकतो. दोन्ही खरे आहेत. मे २०२०च्या अखेरीस बेल्जियममध्ये साधारण ५८ हजार रुग्णांची नोंद होती, मृत्यू साडेनऊ हजारांच्या घरात आणि लोकसंख्या सुमारे १ कोटी १५ लाख. मृत्यूंना रुग्णसंख्येने भागलं की १६ टक्के येतात. लोकसंख्येने भागलं की लाखाला ८२, म्हणजे ०.०८ टक्के. त्यातही त्या वसंतात तिथे चाचण्या मुख्यतः इस्पितळात दाखल होण्याइतक्या आजारी लोकांच्याच होत होत्या, त्यामुळे ५८ हजार हा भाजकच तोकडा होता.

गोंधळ घातला तो 'दर' या शब्दाने. मराठीत दर दोन आहेत. सोन्याचा दर, कांद्याचा दर, यातला दर म्हणजे भाव. दरमहा, दरडोई, दर मंगळवारी, यातला दर म्हणजे प्रत्येक. शाळेतलं सरळव्याजाचं गणित आठवा : 'द.सा.द.शे. ८ दराने ५,००० रुपयांचे ३ वर्षांचे व्याज काढा.' एवढ्याशा वाक्यात तीन दर. दर साल, दर शेकडा हे पहिले दोन 'प्रत्येक'वाले, आणि शेवटचा भाववाला. आमचे गुरुजी नुसतं '८ दराने' लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापायचे. "कशाला आठ? पोत्याला की पायलीला?" हे वर ऐकावं लागे ते वेगळंच. कर्ज काढणारा माणूस शाळेत गेलेला नसला तरी 'दोन टक्के' ऐकल्यावर पहिलं विचारतो, महिन्याला की वर्षाला? व्याजाच्या बाबतीत आपण इतके चोख, आणि मृत्युदर मात्र दोन वर्षं द.सा.द.शे.शिवाय वाचत राहिलो.

लोकसंख्येच्या अभ्यासात मृत्युदर हा हजार लोकसंख्येमागे आणि वर्षाचा. अर्भक मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे, तर मातामृत्यूंचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. साथ आल्यावर याच शब्दावर 'शंभर रुग्णांमागे किती दगावले' हा अर्थही लादला गेला. आपल्या आरोग्य विभागाच्या रोजच्या पत्रकातलं वाक्य अनेकांना पाठ असेल. २०२१च्या अखेरीस ते 'सध्या राज्यातील मृत्युदर २.१२ टक्के' असं असे. हा रुग्णांमागचा दर. कोणी तो लोकसंख्येमागचा समजून साडेबारा कोटींना लावला, तर २६ लाखांवर माणसं होतात. नोंदलेले मृत्यू तेव्हा १ लाख ४१ हजारांच्या आसपास होते.

हे झालं भाजकाचं. भाज्य तरी कुठे सगळीकडे एक होतं? बेल्जियमने वृद्धांच्या निवासांतले, चाचणी न झालेले संशयित मृत्यूही कोरोनाच्या खात्यात धरले. पहिल्या लाटेतले जवळपास निम्मे मृत्यू अशा निवासांतलेच होते. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्रकार परिषदेत देशोदेशींच्या तुलनेचा तक्ता दाखवला गेला, तेव्हा बेल्जियम सर्वांत वर होता. आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते पुढे तपासलं, तर बेल्जियमचा आकडा त्याच्याशी बराचसा जुळला. ज्याने हिशेब नीट ठेवला त्याचंच नाव यादीत वर लागलं.

इथे आपल्या विभक्तीचीही एक गंमत आहे. 'कोरोनाने मृत्यू' म्हटलं की 'ने'ने कारण ठरवून टाकलं. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२०पर्यंत चाचणीत एकदा विषाणू सापडलेला माणूस पुढे कधीही, कशानेही गेला तरी मोजला जाई. मग २८ दिवसांची मर्यादा घातली आणि ब्रिटनच्या एकूण आकड्यातून पाच हजारांहून अधिक मृत्यू एका फटक्यात गळाले. त्या नोंदींना 'कोरोनाने' नव्हे, 'कोरोना झाल्यानंतर' म्हणायला हवं होतं; पण मथळ्यात 'ने' सुटसुटीत बसतो. पेरूमध्ये उलटं घडलं. मे २०२१च्या अखेरीस सरकारने नोंदी पुन्हा तपासल्या आणि ६९ हजारांचा आकडा एकदम १ लाख ८० हजारांवर गेला. लोकसंख्येमागच्या मृत्यूंत तो देश रातोरात जगात पहिला ठरला. त्या रात्री तिथे जास्तीचं कोणी मेलं नव्हतं.

तेव्हा मी काय लिहीन? लोकसंख्येमागचा असेल तर 'मृत्युदर', तोही 'लाखामागे' किंवा 'दहा लाखांमागे' असं जोडूनच. रुग्णांमागचा असेल तर सरळ 'शंभर रुग्णांमागे १६ मृत्यू'. काहीजण त्यासाठी 'मृत्युप्रमाण' वापरतात. ऐकायला बरं आहे, पण प्रमाण कशाशी हा प्रश्न तिथेही उरतोच. 'मागे' हे दोन अक्षरी अव्यय असताना नवी संज्ञा घडवण्याची हौस मला तरी नाही. तुमच्या कात्रणांवर पेन्सिलीने एकीकडे 'रुग्णांमागे' आणि दुसरीकडे 'लोकसंख्येमागे' लिहून ठेवा, भांडण मिटेल.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. सुटा लिहिताना मृत्यू दीर्घ, पण समासाचं पहिलं पद झाला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो : मृत्युपत्र, मृत्युलोक, मृत्युंजय. म्हणून मृत्युदर. 'दर' फारसी घराण्यातला आहे हे खरं, पण नियम पहिल्या पदाचं कूळ पाहतो, दुसऱ्याचं नाही. मृत्यूदर असं तुम्हाला छापील मजकुरात पदोपदी दिसेल. माझ्या स्वतःच्या जुन्या लेखांतही दोनदा सापडलं.