१ टीबीच्या डिस्कचं पार्टिशन करावं का?

गुहागरला होमस्टेचा हिशेब आणि फोटो एकाच पीसीवर ठेवता, डिस्क १ टीबीची आहे, म्हणून विचारताय. पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कचे वेगवेगळे भाग पाडणं. करा, पण दोनच: विंडोजसाठी सी आणि तुमच्या फायलींसाठी डी.

फायदा खरा एकच, पण मोठा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अपडेट चालू असताना गेली तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. अशा वेळी फक्त सी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकता येतं, डीमधली बिलं जागच्या जागी राहतात. मात्र डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स मुळात सीमध्येच असतात, हे बरेच जण विसरतात. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन उघडा आणि तिथे डीवरचा फोल्डर द्या. डेस्कटॉपचंही तसंच.

तोटा जागेचा. सी १०० जीबीची ठेवली की कालांतराने तिची पट्टी लाल होते आणि डी अर्धी रिकामी पडून असते. विंडोजमधल्याच डिस्क मॅनेजमेंट या सोयीतून सी वाढवायची तर तिला लागूनच मोकळी जागा हवी, म्हणजे आधी डी रिकामी करून उडवावी लागते. म्हणून सीला २५० जीबी तरी द्याच. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, पार्टिशनने वेग वाढत नाही.

आणि डी म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्कच गेली तर दोन्ही गेल्या. फोटोंची एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर काढा, आणि काम झालं की ती पीसीपासून काढून कपाटात ठेवा. वीज कडाडते तेव्हा ती जोडलेली नको.