एकच हॉटेल, दोन चवी
वाचक विचारतात

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच प्रकारच्या हॉटेलांबद्दल आहेत. सोसायटीच्या कोपऱ्यावर नव्याने उघडलेलं, टांगत्या दिव्यांचं, दोघांचं बिल दीड-दोन हजारांवर नेणारं, तरीही चपला घालून गेलं तर कुणी वर बघत नाही असं. खानावळ नाही आणि पंचतारांकितही नाही. त्याच हॉटेलाबद्दल एक शेजारी ‘अप्रतिम’ म्हणतो आणि दुसरा ‘पैसे पाण्यात’.

प्रश्न : आम्ही दोघं मंगळवारी गेलो तेव्हा जेवण उत्कृष्ट होतं. म्हणून शनिवारी रात्री नऊला आठ जणांना घेऊन गेलो. मुख्य पदार्थ यायला ५५ मिनिटं लागली, रिसोटोचा (सैलसर इटालियन भाताचा) गोळा झाला होता, पिझ्झा वरून करपलेला आणि खालून कच्चा. शेफ बदलला असेल का? (वाचक, कोथरूड)

उत्तर : बहुधा नाही. बऱ्याच ठिकाणी मुख्य शेफची सुट्टी सोमवारी किंवा मंगळवारी असते, म्हणजे तुम्हाला आवडलेलं जेवण कदाचित त्याच्या गैरहजेरीतच झालं असेल. बदलली ती वेळ आणि माणसांची संख्या.

अशा हॉटेलाचं स्वयंपाकघर सेक्शनमध्ये वाटलेलं असतं : तंदूर, इंडियन, कॉन्टी (म्हणजे कॉन्टिनेंटल, युरोपीय पदार्थ), पिझ्झाचा ओव्हन, थंड पदार्थांची पॅन्ट्री. एकेका सेक्शनवर एक-दोन माणसं. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आली की ती सगळ्या सेक्शनना वाटली जाते. आठ जणांनी सात वेगवेगळे पदार्थ मागवले तर ते एकदमच टेबलावर जायला हवेत. त्यामुळे पहिला तयार झालेला पदार्थ शेवटच्याची वाट बघत ‘पास’वर थांबतो. पास म्हणजे शेफ आणि वेटर यांच्यामधला दिव्याखालचा ओटा. तुमचा रिसोटो बिघडला तो इथेच.

रिसोटोचा तांदूळ सुरुवातीपासून शिजवायला १८ ते २० मिनिटं लागतात, म्हणून हॉटेलात तो दुपारीच १०-१२ मिनिटं शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करतात. ऑर्डर आली की गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) घालत ५-६ मिनिटांत पुरा करतात, शेवटी लोणी आणि चीज. इथवर पद्धत चोख आहे. पण तांदळातला स्टार्च पाणी ओढत राहतो, आणि दिव्याखाली पाच-सात मिनिटं गेली की सैल रिसोटो घट्ट होतो. ताट किंचित तिरकं करून बघा : चांगला रिसोटो सावकाश पसरतो. शिऱ्याच्या मुदीसारखा उभा राहिला तर तो पासवर ताटकळलेला आहे.

पिझ्झ्याचं कारण निराळं. लाकडावरच्या ओव्हनमध्ये वरून ज्वाळेची धग लागते आणि खालून तापलेल्या दगडी तळाची. प्रत्येक गार पिझ्झा तळातली उष्णता ओढून घेतो, आणि ती भरून यायला काही मिनिटं जातात. शनिवारी एकामागून एक पिझ्झे सरकत राहिले की तळ निवत जातो, ज्वाळ मात्र तशीच. म्हणून वरून काळे डाग, खालून पांढरी कणीक. तुकडा उचलून खालची बाजू बघा : तपकिरी ठिपके हवेत. मात्र नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो आणि मध्यभागी मऊच असतो. मऊ आणि कच्चा यांत फरक आहे. दाताला चिकटत असेल आणि पिठाची चव येत असेल तर तो कच्चा.

पुढच्या वेळी आठ जण असाल तर साडेसातची वेळ घ्या. बरीच हॉटेलं एक टेबल रात्रीत दोनदा लावतात, साडेसातला आणि साडेनऊला. पहिली पंगत रेंगाळली की दुसरी उशिरा बसते आणि किचनवर दोन्ही एकदम आदळतात. मुख्य पदार्थ दोनच सेक्शनमधले मागवा. स्टार्टर आणि मेन कोर्स एकत्रच सांगा, पण ‘स्टार्टर संपत आले की मेन लावा’ हेही सांगा. स्टार्टर संपवून निवांत मेनू चाळायला घेतलात तर तुमची चिठ्ठी रांगेच्या शेवटी जाते.

प्रश्न : जुलैत ९५० रुपयांची ‘ताजी’ सुरमई मागवली. आतून पिठूळ आणि कोरडी. फसवलं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : ‘ताजी’ या शब्दापुरतं हो म्हणायला जागा आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना मुभा असते, पण त्यांचं म्हावरं किनाऱ्यालगतचं आणि थोडं. मोठी सुरमई त्यातून रोज हॉटेलात पोहोचेल ही शक्यता कमी. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणून जूनच्या उत्तरार्धापासून तिकडचा मासा येऊ शकतो, पण तोही बर्फात प्रवास करून. बाकी बहुतेक फ्रोझन.

फ्रोझन मासा वाईट नसतो, वाईट असतं त्याला दिलेलं वळण. सावकाश गोठवला की मोठे बर्फकण होऊन मांसाचे धागे तुटतात. मग तो सिंकमध्ये पाण्याखाली घाईने सोडवला, उरला म्हणून पुन्हा गोठवला, की त्यातलं पाणी निथळून जातं. असा तुकडा तव्यावर टाकला की आधी पाणी सुटतं, मासा तळला न जाता वाफवतो आणि रव्याचा थर सुटून तव्याला चिकटतो. नीट सोडवायचा तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जाळीवर, पाणी खाली निथळेल असा. मग कोरडा पुसून मीठ-मसाला. शनिवारी तव्यावर एकदम सहा तुकडे टाकले तर चांगला मासाही असाच होतो, कारण तवा गार पडतो.

ऑर्डर देताना ‘ताजा आहे का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘आज कोणता मासा आला?’ विचारा. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आत जाऊन विचारून आला तर शुभशकुन. आणि जून-जुलैत माशाचा हट्टच असेल तर तळणीपेक्षा कालवण घ्या, रश्शात कोरडेपणा लपतो.

प्रश्न : बिलात दहा टक्के सेवा शुल्क आणि त्यावर पुन्हा जीएसटी. हे द्यावंच लागतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : जीएसटी हो, सेवा शुल्क नाही. समजा पदार्थांचे ३,००० झाले. सेवा शुल्क ३००, मग ३,३०० वर ५ टक्के म्हणजे १६५, एकूण ३,४६५. सेवा शुल्क काढलं तर ३,१५०. फरक ३१५ चा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की हे शुल्क बिलात आपोआप लावू नये आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही घेऊ नये. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने सूचना वैध ठरवल्या. तेव्हा काउंटरवर शांतपणे ‘हे काढून बिल पुन्हा द्या’ म्हणा. नाही ऐकलं तर बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वाढणारा मुलगा चांगला असेल तर टीप त्याच्या हातात द्या, हा आमचा आग्रह.

आणखी दोन गोष्टी बिलावर बघा. एक, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक. दुसरी, जीएसटी क्रमांक. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर-योजनेतल्या, हॉटेलाला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. मद्य मात्र जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून त्याचा हिशेब बिलात वेगळा दिसायला हवा.

प्रश्न : पदार्थ आवडला नाही तर सांगावं कसं? मुलं म्हणतात, ‘आई, तमाशा नको.’ (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या दोन-तीन घासांत सांगा. अर्धं ताट रिकामं झाल्यावर हॉटेलवाल्यालाही काही करता येत नाही. वेटरला नको, कॅप्टनला बोलवा. पदार्थ बदलून देण्याचा अधिकार सहसा त्याच्याकडे असतो. ‘बरोबर नाही’ म्हणण्यापेक्षा नेमकं बोला : ‘अहो, मटण हाडाजवळ घट्ट आहे’, ‘सूप कोमट आहे’, ‘मीठ जास्त झालंय’. कोमट सूप दोन मिनिटांत गरम होतं. खारट ग्रेव्ही दुसऱ्या हंडीतून येऊ शकते. घट्ट मटण मात्र त्या रात्री मऊ होणार नाही, तिथे दुसरा पदार्थच मागा. बदली यायला १५ मिनिटं लागतील, तोवर बाकीच्यांना थांबवू नका.

न आवडणं आणि बिघडणं यांतही फरक ठेवा. मेनूत ‘कडवट पालेभाजीचं सॅलड’ लिहिलेलं असताना ते कडू लागलं, तर चूक किचनची नाही.

प्रश्न : वडिलांना ऐकू कमी येतं. अशा हॉटेलांत बोलणंच कळत नाही. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : काच, उघड्या विटा, सिमेंटचं छत, पडदे नाहीत : आवाज जिरायला जागाच नसते. शेजारचं टेबल मोठ्याने बोलतं म्हणून आपणही आवाज चढवतो आणि नऊपर्यंत बाजार होतो. सात वाजता जा. बुकिंग करताना बार, उघडं किचन आणि स्पीकर यांपासून दूरचं, भिंतीलगतचं टेबल मागा. वडिलांना भिंतीकडे पाठ करून बसवा आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याला समोर, उजेडात, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. गाणी हळू करायला सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात, फक्त ते बसल्याबसल्या सांगा.