सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली चिल्लर

जत्रेतून आणलेली चिल्लर लगेच खर्चू नकोस. नाणं दोन बोटांत उभं धर, छापा सरळ ठेव आणि भिंगरीसारखं फिरव. मागची बाजूही सरळच यायला हवी. तिरकी आली तर नाणं छापणारा साचा फिरलेला. अशी चुकलेली नाणी संग्राहक शोधतात, म्हणून ते बाजूला ठेव.

नव्या पेठेत शेंगाचटणी घेताना मला दोन रुपयांचं एक मिळालं: दोन्हीकडे सिंहच, मागचे मात्र आत रुतलेले, आरशातल्यासारखे उलटे! आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की असं होतं. अजून हातात घेतलं की छाती धडधडते.

नाण्यावरच्या सालाखालचा हिरा मुंबईचा, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. त्या टाकसाळीच्या खुणा, चुका नव्हेत. आणि चिंचेनं घासू नकोस रे, किंमत तिथंच जाते. ‘लाखो मिळतील, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याला छदामही देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये सावध केलंय.